आय-सेव्हनसाठी भिशीचे पैसे घालू का?

प्रश्न : दादा, आम्ही बार्शी तालुक्यात राहतो. मी घरी शिवणकाम करते, आमचे हे कृषी सेवा केंद्रात कामाला आहेत. लेकीला यंदा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, हॉस्टेलवर राहणार आहे. लॅपटॉप घ्यायला सोलापूरला गेलो, तर दुकानदाराने एकाच कंपनीचे, दिसायला अगदी सारखे दोन दाखवले. एक आय-फाइव्ह १३३५यू, ५४,००० रुपये. दुसरा आय-सेव्हन १३५५यू, ७०,००० रुपये. दोन्हींत ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. तो म्हणाला, चार वर्षं काढायची असतील तर आय-सेव्हनच न्या, नाहीतर दोन वर्षांनी परत माझ्याकडेच याल. लेक म्हणते, "आई, आय-फाइव्ह बास झाला गं." पण ती लहानपणापासून अशीच आहे, खर्च नको म्हणून सगळ्याला 'चालेल' म्हणते. घरात माझ्या भावाने दिलेला जुना लॅपटॉप आहे. तो चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागतात. बारावीला ती त्याच्यापुढे नुसती बसून राहायची, ते मी बघितलंय. तसं पुन्हा व्हायला नको. या महिन्यात माझी भिशी लागली आहे, २०,००० रुपये. त्यातले सोळा हजार घालू का? पैशापायी लेकीला कमी प्रतीचं घेऊन दिलं, हे मनाला लागून राहील.
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आय-फाइव्ह घ्या. भिशीतले थोडे पैसे रॅम वाढवायला वापरा आणि उरलेले तसेच बँकेत राहू द्या. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. लेकीसाठी चांगला लॅपटॉप यातूनच मिळेल म्हणून सांगतोय. आता कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात काउंटरपुढे उभं राहून बोलायची वेळ तुमच्यावर येणार आहे.

आधी ते दोन नंबर उघडून बघू. १३३५यू आणि १३५५यू हे दोन्ही इंटेल कंपनीच्या तेराव्या पिढीचे प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, दोन्ही २०२३ सालचे. दोन्हींत दहा कोअर आहेत. कोअर म्हणजे काम करणारे हात समजा. त्यातले दोन मोठे आणि आठ छोटे, इकडेही आणि तिकडेही. हाताशी ठेवायची छोटी, अतिवेगवान मेमरी, तिला कॅश म्हणतात, ती दोन्हींत १२ एमबी. वीज खाण्याची मूळ मर्यादा दोन्हींची १५ वॅट. फरक आहे तो जास्तीत जास्त वेगात : आय-फाइव्हचा ४.६ गिगाहर्ट्झ, आय-सेव्हनचा ५.०. म्हणजे शंभराला नऊही पूर्ण नाहीत. आय-सेव्हनमधला ग्राफिक्सचा भाग थोडा मोठा आहे हेही सांगायला हवं, पण एकाच पट्टीच्या ८ जीबी रॅमवर त्याचा फायदा फारसा दिसत नाही.

आणि तो वरचा वेगही कायमचा नसतो. काम पडलं की प्रोसेसर थोडा वेळ जोरात पळतो, तापतो, आणि मग पंख्याला जेवढी उष्णता बाहेर टाकता येते तेवढ्याच वेगावर येऊन थांबतो. तुम्हाला दाखवलेल्या दोन्ही लॅपटॉपची बॉडी एक, पंखाही एकच. त्यामुळे पाच-दहा मिनिटांचं सलग काम लावलं की दोघं जवळपास सारखेच चालतात. सोळा हजार रुपये जातात ते काही सेकंदांच्या त्या झेपेसाठी.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो. अस्तराच्या एका ब्लाऊजला समजा दोन तास लागतात. त्यात माप लावणं, कटिंग, अस्तर जोडणं, हूक, हातशिलाई, इस्त्री हे सगळं आलं. प्रत्यक्ष सुई पळते ती साधारण चाळीस मिनिटं. आता कोणी तुम्हाला नऊ टक्के जास्त वेगाची मोटर दिली तर त्या चाळीस मिनिटांतली तीन-साडेतीन मिनिटं वाचतील. ब्लाऊज दोन तासांऐवजी एक तास छप्पन्न-सत्तावन्न मिनिटांत होईल. त्या मोटरला तुम्ही सोळा हजार द्याल का? कामाचा जो भाग वेगवान केला तो एकूण कामात किती, त्यावरच सगळा फायदा ठरतो. जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने १९६७ साली हेच गणित मांडलं, आणि तुमची लेक तिच्या अभ्यासात ते त्यांच्याच नावाने शिकेल.

रॅम म्हणजे तुमचं कटिंगचं टेबल. टेबल लहान असलं की एक कापड गुंडाळून कपाटात ठेवायचं, दुसरं काढायचं, मग पहिलं पुन्हा लागलं की पुन्हा उठायचं. हात कितीही चलाख असोत, निम्मा वेळ उठण्याबसण्यात जातो. लॅपटॉपचंही तसंच होतं. रॅम भरली की तो उघड्या गोष्टी एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या जागेवर, तुमच्या कपाटात, नेऊन ठेवतो आणि मागितल्या की परत आणतो. ८ जीबीतली बरीचशी जागा विंडोज आणि ब्राउझर मिळूनच खातात. पहिल्या वर्षी सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्रॅम असतील तोवर काही जाणवणार नाही. पुढे एका बाजूला ब्राउझरच्या वीस टॅब, दुसरीकडे कोड लिहायचं एडिटर, मध्ये डेटाबेस आणि त्यावर मोबाइल अ‍ॅप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, असं एकदम उघडलं की ८ जीबी गुदमरते. तिथे आय-सेव्हन असला तरी तोही टेबल मोकळं व्हायची वाट बघत बसणार. म्हणून तुम्हाला दाखवलेल्या त्या ७०,०००च्या लॅपटॉपबद्दल माझी खरी तक्रार ही आहे : जिथे अडणार आहे तिथे ८ जीबीच ठेवली, आणि जिथे अडणार नाही तिथे जास्तीचे पैसे लावले.

तुमच्या भावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपचं दुखणंही मला बहुधा इथेच दिसतंय. लेकीला म्हणावं, तो सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने असतात. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आरामात आणि डिस्क शंभरावर लाल झालेली दिसली, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि आतली फिरती हार्ड डिस्क धापा टाकतेय असं समजा. माझ्याकडे 'प्रोसेसर गेला, स्लो झाला' म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. आत साधी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप मिनिटाच्या आत उभा राहतो. नव्या दोन्हींत एसएसडी आहेच, त्यामुळे लेकीला तुम्ही ज्या अवस्थेत बसलेलं पाहिलंत ती अवस्था ५४,०००च्या लॅपटॉपवरही येणार नाही. आणि जुना भंगारात देऊ नका. त्यात छोटी एसएसडी घालून घेतली तर घरचे हिशेब आणि लेकीशी व्हिडिओ कॉल त्यावर सहज होतील.

आता चार वर्षांची गोष्ट, कारण दुकानदाराने तुम्हाला घाबरवलं ते तिथेच.

मागच्या पावसाळ्यात एका घरातले दोन लॅपटॉप एकाच पिशवीतून माझ्या टेबलावर आले. एक थोरल्या भावाचा, २०१७ साली इंजिनिअरिंगला जाताना वडिलांनी कर्ज काढून घेतलेला, आय-सेव्हन ७५००यू. दुसरा धाकट्या बहिणीचा, पुढच्या वर्षी घेतलेला, आय-फाइव्ह ८२५०यू. तोवर हात आखडला होता म्हणून तिला स्वस्तातला घेतला, असं वडील सांगत होते, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तुमच्या पत्रात आहे तीच खंत होती. मी दोन्ही उघडले. दोन्हींच्या पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसलेला, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट चुन्यासारखी सुकून तडकलेली. साफ करून, पेस्ट लावून पुन्हा सुरू केले. भावाच्या आय-सेव्हनमध्ये कोअर दोनच. बहिणीच्या आय-फाइव्हमध्ये चार. मधल्या काळात पिढी बदलली आणि इंटेलने हलक्या लॅपटॉपच्या वर्गातल्या आय-फाइव्हला चार कोअर दिले. विंडोज ११ ज्या प्रोसेसरवर चालते त्यांची यादीही साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे बहिणीचा लॅपटॉप तिच्यात बसतो, भावाचा बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे कर्ज काढून घेतलेला आय-सेव्हन बाहेर राहिला आणि 'स्वस्तातला' आय-फाइव्ह एसएसडी नि रॅम घालून आजही हिशेबाच्या कामाला चालतोय. वडिलांना मी दोन्हींच्या स्क्रीनवर कोअरचा आकडा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

म्हणून सांगतो, आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावं एकाच पिढीत, एकाच वर्गात लावून बघायची. पिढी बदलली की नावाचा मान उतरतो. आणि चार वर्षांत लॅपटॉप नेमका कशाने बसतो ते माझ्या टेबलावर रोज दिसतं : बिजागरी तुटते, बॅटरी मरते, चार्जिंगची पिन ढिली होते, चहा सांडतो, सॅकमध्ये दाबून स्क्रीनला रेघ पडते. प्रोसेसर हळू पडला म्हणून चार वर्षांत लॅपटॉप बदलावा लागला, असं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचित येतं. तुमची लेक तो लॅपटॉप पाठीवर घेऊन एसटीने पुणे-बार्शी करणार आहे. तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच चाला आणि भिशीतले काही हजार त्या नावाने ठेवा. कंपनीची वाढीव वॉरंटी आणि सांडणं-पडणं यात भरून मिळणारा प्लॅन मिळत असेल तर तोही घ्या. सोळा हजार प्रोसेसरमध्ये घातले तर ऐन सेमिस्टरमध्ये बिजागरी तुटल्यावर हातात काही राहणार नाही.

मग जास्त वेगाचा प्रोसेसर कधीच घेऊ नये का? घ्यावा. माझ्याकडे लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा येतो. सीझनमध्ये रोज रात्री त्याचा लॅपटॉप तीन-तीन तास व्हिडिओ बाहेर काढत बसतो, प्रोसेसर सगळा वेळ शंभर टक्क्यांवर. त्याला मी स्वतः महागाचा घ्यायला लावला. वेळ एक तासाने जरी कमी झाला तरी ती त्याची रोजची एक तास झोप आहे आणि सीझनमध्ये दोन ऑर्डर जास्त आहेत. त्याचे पैसे दोन महिन्यांत वसूल होतात. मोठे थ्रीडी रेंडर, यंत्रांच्या भागांवरच्या ताणाची गणितं, हजारो फायलींचा कोड पुन्हा पुन्हा कंपाइल करणं, अशी कामं रोजची असतील तर प्रोसेसरवर पैसे घालावेत. खूण एकच : माणूस थांबलाय, आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभरावर आहे.

पण त्या मुलालाही मी आय-सेव्हन हे नाव बघून घ्यायला लावलं नाही, शेवटचं अक्षर बघायला लावलं. नंबराच्या शेवटी 'यू' असेल तर तो कमी विजेचा, हलक्या लॅपटॉपसाठीचा. 'एच' असेल तर तो ४५ वॅटचा, जड कामाचा. तेराव्या पिढीतलाच आय-फाइव्ह १३५००एच घ्या. त्यात चार मोठे आणि आठ छोटे कोअर आहेत. नाव आय-फाइव्ह, पण लांबच्या कामात तुम्हाला दाखवलेल्या आय-सेव्हन १३५५यूच्या तो बराच पुढे जातो. त्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते : लॅपटॉप जड, चार्जर मोठा, बॅटरी लवकर उतरते. वर्गात, लायब्ररीत, एसटीत घेऊन फिरणाऱ्या मुलीला 'यू'च सोयीचा. आणि उद्या तिने मशीन लर्निंग घेतलं तर त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, तिथे आय-सेव्हन उपयोगी पडत नाही. सुरुवातीची तसली कामं मुलं कोलॅबवर, म्हणजे गुगलच्याच कॉम्प्युटरवर, ब्राउझरमधून करतात, ती फुकटात होतात.

आता लेकीबद्दल. ती खर्चाला घाबरून 'बास' म्हणते की तिला खरंच तसं वाटतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला पत्र वाचताना जाणवलं. तिला 'आय-सेव्हन हवा का गं' असं विचारू नका, त्याचं उत्तर ती नेहमीसारखंच देईल. तिला विचारा, 'तुला त्यावर काय काय चालवायचंय, मला नीट सांग.' कॉलेजच्या सिनियर मुलींना फोन करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणकोणती सॉफ्टवेअर लागतात ते तिलाच विचारायला लावा आणि कागदावर लिहून घ्या. तिने मन मारलं असेल तर ते त्या यादीत दिसेल. एखादं जड काम ती दबकत लिहील. माझा अंदाज असा की यादी साधीच निघेल. आणि मग तुम्हाला कळेल की या खेपेला ती तुमचा खर्च वाचवत नव्हती, बरोबर सांगत होती. कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीचा कॉम्प्युटरबद्दलचा पहिला निर्णय आहे हा. तो तिच्या शब्दाने झाला तर तिला केवढं बळ येईल!

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. पहिली, याच आय-फाइव्हचं १६ जीबीचं मॉडेल आहे का आणि कितीला. ते नसेल तर दुसरी : या लॅपटॉपमध्ये रॅमचा रिकामा स्लॉट आहे, की सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवलेली आहे? सोल्डर केलेली असेल आणि स्लॉट नसेल तर ते मॉडेल ८ जीबीत घेऊच नका, कारण पुढे वाढवायचा रस्ताच बंद. स्लॉट असेल तर दुसरी ८ जीबीची पट्टी तिथल्या तिथे बसवून घ्या, आणि त्याने वॉरंटीला बाधा येत नाही हे बिलावर लिहून घ्या. दोन पट्ट्या झाल्या की आतलं ग्राफिक्सही सुधारतं, तो फायदा वरचा. रॅमचे भाव सारखे खालीवर होत असतात, म्हणून आकडा मी सांगत नाही. पण त्यासाठी तो सोळा हजार मागायला लागला तर उठून दुसऱ्या दुकानात जा. तिसरी गोष्ट, स्क्रीन. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकच फोटो दोन्हींवर लावा आणि बाजूने वाकून बघा. रंग धुतल्यासारखे फिके दिसले तर चार वर्षं रोज सहा-आठ तास तिचे डोळे त्याच्यापुढे जाणार आहेत, हे लक्षात ठेवून दुसरं मॉडेल मागा. प्रोसेसरऐवजी चांगल्या स्क्रीनसाठी दोन हजार जास्त गेले तर मी खुशाल द्या म्हणेन.

दुकानदार कदाचित एएमडीचा, म्हणजे इंटेलसारख्याच दुसऱ्या कंपनीचा, रायझेन-फाइव्हही दाखवेल, स्वस्तात. रायझेन चांगलाच असतो, पण ७००० च्या मालिकेत नंबरातला तिसरा आकडा बघा. ७५२०यू मध्ये तो २ आहे : आत जुनी रचना, चार कोअर. ७५३०यू मध्ये ३ आहे : त्याहून नवी रचना, सहा कोअर. नाव दोघांचं रायझेन-फाइव्ह, आणि काउंटरवर कधीकधी किमतीतही फारसा फरक नसतो. पहिला घेऊ नका.

बिल करायच्या आधी लॅपटॉप सुरू करून सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली अबाउट उघडायला सांगा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅमचा आकडा तिथे स्पष्ट दिसतो. खोक्यावरच्या स्टिकरशी तो जुळला की मगच पैसे द्या. काही शंका आली तर त्या स्क्रीनचा आणि खोक्याच्या स्टिकरचा फोटो लेकीला मला पाठवायला सांगा. मी त्याच दिवशी बघून कळवतो, तोवर बिल करू नका.